उघडे दार

आमच्या आत्याने उभ्या आयुष्यात कोणाला पैसे दिले आणि त्यांच्यासोबत आपले मत दिले नाही, असे एकदाही घडल्याचे मला स्मरत नाही. माडावर चढून नारळ पाडणाऱ्या गड्याच्या हातावर मजुरी मोजून ठेवतानाही कोणत्या माडाचे नारळ अजून कोवळे होते, याचा तपशील ती त्याच्या पदरात घालीत असे, आणि तोही तो निमूटपणे ऐकून घेई, कारण मजुरीत तिने कधी एक पैसा कापला नव्हता.

ही आत्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, अविवाहित, आणि निवृत्तिवेतनाच्या तुटपुंज्या रकमेचा पैपैचा हिशेब ठेवणारी होती. घाटापलीकडच्या एका संस्थेला, जिथे निराधार मुलींना अन्नवस्त्र देऊन मॅट्रिकपर्यंत शिकविले जाई, ती प्रतिवर्षी चतुर्थीच्या आधी 25 रुपयांची मनीऑर्डर पाठवी. आणि त्या संस्थेचा छापील अहवाल श्रावणात टपालाने आला, की त्याच्या सातव्या पानावरील एका परिच्छेदाखाली, वह्या तपासण्याच्या जुन्या सवयीने, तांबड्या पेन्सिलीची जाड रेघ ओढी. त्या परिच्छेदात दरसाल, क्वचित एखाददुसरा शब्द फिरवून, एकच सिद्धान्त मांडलेला असे, तो असा की स्त्रीजन्माची सार्थकता अखेर गृहिणीपदात असून शिक्षण हे त्या पदाला शोभा आणणारे भूषण होय. जन्मभर स्वतःच्या कमाईवर आणि स्वतःच्या नावाची घरपट्टी भरून राहिलेल्या बाईला ते वाक्य कसे लागत असेल, हे सांगावयास नको. तरीही 25 रुपये कधी चुकले नाहीत.

काका तिच्याहून चार वर्षांनी धाकटे, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलेले. तीस वर्षे दप्तर सांभाळलेल्या माणसाची जगाकडे पाहण्याची रीत निराळीच असते. जिथे सही आहे तिथे जबाबदारी आहे, आणि जिथे जबाबदारी आहे तिथे आज ना उद्या चौकशी आहे, एवढ्या दोन वाक्यांत त्यांचे सारे तत्त्वज्ञान सामावलेले होते, आणि मला वाटते पुष्कळ मोठमोठ्या तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतही याहून फारसे अधिक हाती लागत नाही.

त्या वर्षी (आमचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा अजून निराळा झाला नव्हता, मालवण हे रत्नागिरीच्या शेपटाकडचे एक गाव होते) अहवालाबरोबर एक पत्रही आले. आत्याच्या दीर्घ अध्यापनानुभवाचा गौरवपूर्वक उल्लेख करून संस्थेच्या चालकांनी तिचे नाव सल्लागार मंडळाच्या यादीत छापण्याची अनुज्ञा मागितली होती. धुरीवाड्यातल्या आमच्या घराच्या पडवीत संध्याकाळचा चहा झाल्यावर तिने ते पत्र काकांच्या पुढे सारले. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती, खळ्यात पाणी साचले होते, आणि मी पायरीशी बसून चुलीसाठी वाळलेली सोडणे रचीत होतो. काकांनी पत्र दोनदा वाचले, घडी जशीच्या तशी घातली आणि म्हणाले, “आक्का, ह्यां काय बरां नाय.”

“काय बरां नाय? पत्र, की मी?”

“पैसे देतेस तेच मला पटत नाही,” काका प्रमाण भाषेवर आले. मुद्द्याची गोष्ट निघाली की ते नेहमीच कचेरीच्या भाषेत बोलू लागत. “ज्या पानावर तू दरसाल तांबडी रेघ मारतेस, ते पान छापण्याचा कागद कोणाच्या पैशाने येतो? पंचवीसातला एखादा रुपया त्यात जात नाही कशावरून? जमेच्या बाजूला पडलेली रक्कम एकदा एकत्र झाली, की कोणता रुपया भाकरीचा आणि कोणता छापखान्याचा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. आणि आता तर ते नावच मागताहेत.”

“नाव दिले तर आत बसून बोलता येईल,” आत्या म्हणाली. “आज मी रेघ मारते ती माझ्याच घरी पडून राहते. सभेत बसले तर ती रेघ त्यांच्या इतिवृत्तात जाईल.”

“इतिवृत्तात जाईल आणि पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम केले, असा शेरा पडेल,” काका म्हणाले. “आपल्याच गावच्या एका थोर माणसाने हे सारे करून पाहिले, आक्का. भांडारकरांनी.”

काकांच्या मनात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांविषयी जो जिव्हाळा होता तो कचेरीबांधवाचा होता. भांडारकरांचा जन्म 6 जुलै 1837 चा, याच मालवणातला, आणि त्यांचे वडील महसूल खात्यात कारकून. एका कारकुनाचा मुलगा संस्कृतचा जगन्मान्य पंडित झाला, याचे भूषण काकांना स्वतःच्या बढतीहून अधिक वाटे. त्यांच्या प्राकृत भाषांवरील किंवा वैष्णवपंथावरील ग्रंथांचे एक पानही काकांनी वाचले नव्हते. परंतु 1891 साली लोकनिंदेची पर्वा न करता त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला, हे त्यांना ठाऊक होते, आणि 1893 साली पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाच्या सल्लागार मंडळाचा त्यांनी राजीनामा दिला, हेही ठाऊक होते. या दोन गोष्टी एकाच माणसाने दोन वर्षांच्या अंतराने केल्या, यातच त्यांना त्या माणसाचे मोजमाप सापडे.

ती हकीकत थोडक्यात अशी. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, पुढे अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला, आणि तेथे 1887 मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या मंडळीकडून दहा वर्षे द्रव्यसाहाय्याचे अभिवचन मिळवून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी व मुलींसाठी शारदासदन उघडले. दुसऱ्याच वर्षी ते पुण्यास आले. धर्मप्रसार करावयाचा नाही, अशी मर्यादा आरंभीच स्वीकारलेली होती, आणि तिच्या भरवशावरच न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार झाले. बाई घरात उपदेश करीत नसत. मात्र आपल्या खोलीत त्या पहाटे बायबल वाचीत, प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे ठेवीत. मुली दाराशी येत. काही आत येऊन बसू लागल्या. पुण्यात ओरड झाली, ‘केसरी’ने झोड उठविली, आणि 1893 च्या ऑगस्टात रानडे, भांडारकर प्रभृतींनी आपला संबंध तोडल्याचे जाहीर केले. पाठोपाठ कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

“त्या उघड्या दारावरून माणसे फुटली,” आत्या म्हणाली. “बाईंनी कोणाला हाताला धरून आत नेले नव्हते. आपल्या आजीच्या देवघराचे दार कधी बंद असे का रे? घंटा वाजली की आपण धावत जात होतो, आणि खडीसाखरेच्या आशेने अथर्वशीर्ष पाठ झाले. त्याला कोणी धर्मप्रसार म्हटले नाही.”

“आपण आजीची नातवंडे होतो,” काका म्हणाले. “सदनातल्या मुली बाईंच्या कोणी नव्हत्या, त्या लोकांच्या लेकीसुना होत्या, आणि कोणा रानड्यांचा, कोणा भांडारकरांचा शब्द ऐकून बापांनी, दिरांनी तिथे आणून पोचविल्या होत्या. दार उघडे ठेवण्याचा बाईंना हक्क होता की नव्हता, या वादात मी पडत नाही. स्वतःच्या घरात स्वतःच्या देवाचे नाव घ्यायला दार कशाला लावावे, हेही मला समजते. पण भांडारकर त्या दाराचे मालक नव्हते, ते त्या दाराचे जामीन होते. जामिनाला मालकाइतकी मोकळीक नसते.”

आत्या काही वेळ बोलली नाही. मला वाटले, वाद संपला. परंतु ज्या बाईने तीस वर्षे वर्गात मुलींना उभे करून प्रश्न विचारले, तिच्या मौनाचा अर्थ इतक्या सहजासहजी लावू नये, हे तेव्हा मला समजत नव्हते.

“जामीन,” ती शेवटी म्हणाली. “बरे, जामीन समजू. जामीन सुटला, त्याची अब्रू वाचली. ज्यांच्यासाठी तो जामीन होता त्या मुलींचे काय झाले, ते तुझ्या दप्तरात लिहिलेले आहे का? ज्या काढून नेल्या, त्या कुठे नेल्या? ज्या घरातून त्या आल्या होत्या त्याच घरात. तिथे त्यांच्यासाठी काय मांडून ठेवले होते ते मी तुला सांगू? चुलीपुढची जागा, आलवण आणि न्हाव्याचा वस्तरा. दाराशी बसून येशूचे नाव ऐकणाऱ्या मुलीला त्या वस्तऱ्याहून काय वाईट होणार होते? आणि दुसरी गोष्ट. सल्लागार बाहेर पडले, तेव्हा बाईंना विरोध करणारे घरात कोणी उरलेच नाही. पुढे दुष्काळात केडगावला बाईंचे मुक्तिसदन उभे राहिले आणि तिथे शेकडो बायका ख्रिस्ती झाल्या. भांडारकर आत राहिले असते तर कदाचित तेवढे झाले नसते. बाहेर पडणाऱ्याचा विरोध फार स्वच्छ असतो, बाबू, पण तो कोणाच्या उपयोगी पडत नाही.”

हा आघात मोठा होता, आणि काकांना तो जाणवला; त्यांनी पानाचा डबा उघडला आणि न खाताच मिटला. तटस्थपणे विचार केला तर आत्याचे दुसरे विधान पहिल्याइतके बळकट नव्हते, असे आज मला वाटते: रमाबाईंसारखी बाई, जिने आईबापांबरोबर अनवाणी अर्धा हिंदुस्थान पालथा घातला आणि त्यांना दुष्काळात मरताना पाहिले, ती कोणा सल्लागाराच्या उपस्थितीने आपली श्रद्धा आवरती घेईल, हे संभवत नाही. पण पहिल्या विधानाला उत्तर नव्हते, आणि काकांनी ते देण्याचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी वळण घेतले.

“भांडारकर बाहेर पडले, पण घरी बसले नाहीत,” ते म्हणाले. “तीनच वर्षांत कर्व्यांनी पुण्याला अनाथ बालिकाश्रम काढला, त्याचे अध्यक्ष कोण? भांडारकर. 1916 साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, पाच मुलींवर, त्याचे पहिले कुलपती कोण? तेच. म्हणजे एक दार त्यांनी सोडले आणि दुसरे दोन उघडायला हातभार लावला. ह्याला तू उपयोगी न पडणारा विरोध म्हणणार?”

कर्व्यांचे नाव निघाले आणि आत्याच्या मुद्रेवरील ताण सैल झाला, कारण आता वाद तिच्या अंगणात आला होता. (धोंडो केशव कर्वे आणि पंडिता रमाबाई ही दोन माणसे 1858 च्या एकाच एप्रिल महिन्यात पाच दिवसांच्या अंतराने जन्मली, आणि कर्व्यांनी ज्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला त्या शारदासदनाच्याच विद्यार्थिनी; विवाहाची तारीखही 11 मार्च, सदनाच्या उद्घाटनाचीच, वर्ष 1893. इतिहासाला अशा योगायोगांची हौस असते; त्यांत अर्थ शोधू नये, पण नोंद करून ठेवावी.)

“कर्व्यांचेच घेऊ,” ती म्हणाली. “विधवेशी लग्न केले म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. हा माणूस पुनर्विवाहाचा एवढा कैवारी, आणि आश्रम काढला तेव्हा काय म्हणाला? आश्रमाचे काम शिक्षणाचे, पुनर्विवाहाचे नव्हे. का? तर पुनर्विवाहाला ज्यांचा विरोध, त्यांनीही विधवांच्या शिक्षणाला पैसा द्यावा म्हणून. आणि त्यांनी दिला! कर्व्यांचे लग्न ज्यांच्या घशाखाली उतरले नव्हते, अशा माणसांनी कर्व्यांच्या झोळीत रुपये टाकले. त्या लोकांनी तुझ्यासारखा हिशेब केला असता, की हा रुपया पोथीचा की ह्या माणसाच्या पाखंडाचा, तर हिंगण्याच्या माळावर आश्रमाची झोपडीसुद्धा उभी राहिली नसती. मी त्या सनातन्यांच्या पंगतीतली आहे असे समज. फक्त मी उलट्या बाजूने बसले आहे.”

काका हसले. असा हास्याचा प्रसंग त्यांच्या वादात क्वचितच येई. “त्या सनातन्यांनी रुपये दिले, आक्का, पण आश्रमाच्या पाटीवर आपली नावे लावून घेतली का? तेच मी सांगतोय. देणगी हा देण्याघेण्याचा व्यवहार. आज दिली, पावती घेतली, उद्या हात आखडता घेतला, कोणी विचारणार नाही. सल्लागाराचे नाव ही हमी आहे. उद्या एखादा बाप तो अहवाल चाळील, यादीत आपल्या मुलीच्या जुन्या हेडबाईंचे नाव पाहील आणि म्हणेल, बाईंचे नाव आहे म्हणजे सातव्या पानावर छापलेले बाईंनाही मान्य दिसते. मग मुलीला मॅट्रिक झाल्यावर पुढे कशाला शिकवा? तुझी तांबडी रेघ त्या बापाच्या प्रतीवर नसेल.”

हे ऐकून आत्या चमकली. पुस्तकी तत्त्वापेक्षा एखादा प्रत्यक्ष बाप आणि एखादी प्रत्यक्ष मुलगी डोळ्यांपुढे उभी राहिली, की ती नेहमीच मऊ होत असे, आणि ही तिची दुबळी बाजू काकांना लहानपणापासून ठाऊक होती. तिने संस्थेचे पत्र पुन्हा हातात घेतले, उलटेसुलटे केले, जणू काय मागल्या बाजूस काही तरी वेगळे लिहिलेले असावे.

“म्हणजे पैसे देऊ आणि नाव देऊ नको.”

“पैसेसुद्धा देऊ नको, असे माझे मत होते,” काका म्हणाले. “पण त्या वस्तऱ्याची गोष्ट काढलीस, तिथे माझे उत्तर संपले. पंधरा वर्षांच्या मुलीला भाकरी आणि इंग्रजी तीन पुस्तके मिळत असतील, तर छापखान्याचा एक रुपया मी सोडून देतो. जमाखर्चात काही तूट धरावीच लागते.”

त्या काळी मी महाविद्यालयात जाणारा पोर होतो आणि मला तडजोडीचा मनस्वी तिटकारा होता. संस्था चांगली असेल तर सर्वस्वी स्वीकारावी, नाहीतर तिला दूर सारावे, या दोहोंच्या मध्ये उभे राहणाऱ्यांना मी भित्रे समजत असे. आता मागे वळून पाहता माझ्या ध्यानात येते, की त्या संध्याकाळी पडवीत त्या दोघांनी जी मध्यरेषा शोधून काढली, ती भित्रेपणाची नव्हती. पैशाचे दान आणि नावाचे दान यांत काकांनी केलेला भेद मला पुढे अनेक सभांत, समित्यांत, संमेलनांच्या स्वागतमंडळांत उपयोगी पडला. तरीही भांडारकरांचे वर्तन योग्य की अयोग्य, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. जामीन म्हणून त्यांनी दिलेला शब्द मोडला जात होता, तेव्हा त्यांचे बाहेर पडणे न्याय्यच होते. पण बाहेर पडण्याच्या त्या जाहीर पत्राने पालकांच्या भीतीवर जे शिक्कामोर्तब झाले आणि ज्या मुली परत चुलीकडे गेल्या, त्यांचा दोष कोणाच्या खाती टाकावा, हे मला सांगता येत नाही. आत्याला सांगता येत होते. ती त्या मुलींसारख्या मुलींना अनेक वर्षे शिकवीत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोतीबिंदूमुळे तिला बारीक अक्षर लिहिता येत नसल्याने, मनीऑर्डरचा फॉर्म नेहमीप्रमाणे काकांनी भरावयास घेतला. रक्कम अंकी, रक्कम अक्षरी, पाठविणाऱ्याचे नाव, पत्ता, हे सारे त्यांनी मोत्यांसारख्या अक्षरात लिहिले. मग त्या फॉर्मला जोडलेल्या कूपनावरची मजकुराची जागा आली. ती जागा म्हणजे जेमतेम चार ओळींची. आत्या पाटावर बसून सांगू लागली. सल्लागार मंडळात माझे नाव घालू नये. तो माझा अनादर समजू नये. मुलींच्या भोजनासाठी व पुस्तकांसाठी ही रक्कम आहे. सातव्या पानावरील मताशी मी गेली अनेक वर्षे असहमत आहे, आणि ते मत बदलेपर्यंत असहमत राहीन. मात्र यापुढे अहवालाची ती प्रत तांबड्या रेघेसह परत पाठवीत जाईन.

“एवढे मावायचे नाही,” काका म्हणाले. “अर्जात मुद्दा एकच असावा.”

“दोन आहेत. दोन्ही लिही.”

काकांनी टाक शाईत बुडवला, क्षणभर विचार केला, आणि सारा मजकूर कचेरीच्या रीतीने आटवून लिहून काढला. मग आत्याला वाचून दाखविला: “सल्लागार यादीत नाव नको. रक्कम कन्यांच्या अन्न व पुस्तकांकरिता. पान 7 वरील मत अमान्य. प्रत परत पाठवीत आहे.”

आत्याने ऐकले. मग म्हणाली, “‘कन्या’ खोड. ‘मुली’ लिही.”

काकांनी खाडाखोड न करता नवा फॉर्म घेतला.